निकमशेठ उघड्यावर बोलत नसत

निकमशेठच्या पत्रांना कांद्याचा वास यायचा. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. वाशीच्या घाऊक बाजारात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. तिथल्या गादीवर बसून ते पत्र लिहायचे आणि पोस्टात पडेपर्यंत तो लिफाफा दिवसभर गोण्यांच्या थप्पीवर लोळत असायचा. सानपाड्याला आमच्या घरी पत्र आलं की माझी बायको सुनंदा ते दोन बोटांत धरून आत आणायची आणि म्हणायची, "घ्या, तुमचं साहित्य आलं. वाचून झालं की गॅलरीत वाळत घाला."

पहिलं पत्र आलं तेव्हा आमची ओळखही नव्हती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बेलापूरच्या एका कचेरीत कारकून होतो आणि फावल्या वेळात कथालेखक होतो, म्हणजे बहुतेक वेळ कथालेखकच होतो. माझी एक कथा एका दिवाळी अंकात छापून आली होती. अंक असा की त्याचे संपादक, मुद्रक आणि निम्मे वाचक एकाच घरातले होते. कथा एका एकाकी चित्रकाराची होती. तोवर मी एकही चित्रकार पाहिलेला नव्हता, पण एकाकीपणाचा अभ्यास दांडगा होता.

पत्राचा कागद दुकानाचा. वर 'श्री भैरवनाथ प्रसन्न', त्याखाली 'कांदा, बटाटा, लसूण यांचे अडते', आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात मजकूर: 'सप्रेम नमस्कार. आपली कथा वाचली. गोणीच्या तोंडाला माल चांगला लावला आहे. हात खाली घातला की गोल्टी लागते. तळाला तर ओलाच आहे. ओला माल दोन दिवसांत वास मारतो. तरी गोणी परत करत नाही, कारण तोंडाचा माल आपल्याच शेतातला दिसतो. कळावे. जयसिंगराव निकम.'

गोल्टी म्हणजे बारका कांदा, ज्याला कुणी विचारत नाही, हे मला सुनंदानं सांगितलं. तिचं माहेर नाशिककडचं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "माणूस जाणकार दिसतो."

मी दुखावलो होतो, म्हणजे भेटायला जाणं भाग होतं. एका शनिवारी रजा टाकून बाजारात गेलो. ट्रक, हातगाड्या, हमालांची वाट सोडा म्हणणारी आरोळी, पायाखाली कांद्याची सालं, यातून वाट काढत गाळा शोधला. गादीवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कानावर पेन. समोर एक व्यापारी. दोघांचे उजवे हात एका चौकडीच्या रुमालाखाली नाहीसे झाले होते. वर तोंडानं दोघं त्या व्यापाऱ्याच्या सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलत होते. खाली रुमाल मधूनच हलायचा, जसं आत एखादं मांजराचं पिल्लू असावं. मग रुमाल निघाला, दोघांचेही चेहरे कोरे होते, आणि हमाल माल उचलायला लागले. मला एवढंच कळलं की ट्रकभर कांदा विकला गेला आणि सासूबाईंना गरम तेल लावायचं ठरलं.

मी नाव सांगितलं.

"या, लेखक, या," ते म्हणाले. "चा घेनार?"

"तुमचं पत्र मिळालं."

"कसलं पत्र?"

"माझ्या कथेबद्दल. ओला माल वगैरे."

निकमशेठनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "लेखक, हितं मानसं हायेत." आणि लगेच मोठ्यानं, सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं, "बटाटा न्यायचा का घरी? तळेगावचा हाय, भाजीला एक नंबर."

साहित्यिक वादासाठी गेलेला मी पाच किलो बटाटे घेऊन परत आलो. सुनंदा म्हणाली, "काय म्हणाले?" मी पिशवी दाखवली.

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. ते मी इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं आहे. 'आपण गाळ्यावर आलात, आनंद झाला. पण जरा सांभाळून. आमच्यात भाव उघड बोलत नाहीत. उघड बोलला की शेजारचा गाळा ऐकतो, गिऱ्हाईक ऐकतं आणि ज्याचा माल त्याचं तोंड पडतं. तोंड पडलेला माणूस पुढच्या वर्षी माल आणत नाही. आता नियम उघड लिलावाचा झाला आहे, तो आहेच. पण ज्याची इज्जत राखायची त्याचा भाव जुनी माणसं अजून रुमालाखाली बोटांनी करतात. आपल्या लिखाणाचं जे बोलायचं ते लिफाफ्यात बोलेन. समोर विचारू नये. विचारल्यास बटाट्याचं बोलेन.'

आणि त्याखाली, ओळ सोडून: 'दुसरं असं की मीही एक लिहितो आहे. माझा जुना भागीदार होता, हाजीभाई, त्याच्यावर. बरीच वर्षं चाललं आहे. पुरं झालं की आपल्याकडे पाठवीन. तेव्हा खरा भाव सांगायचा. मी आपला माल खरा तोलतो आहे तो याच बोलीवर. घरचे छानच म्हणतील, कारण मी त्यांना पोसतो. बाजारातले छान म्हणतील, कारण त्यांना माल लागतो. माझं ते लिखाण आहे की नुसती हौस, हे मरायच्या आधी एका माणसाकडून कळलं पाहिजे. तो माणूस आपण.'

मी पत्र सुनंदाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"त्यांनी चुकीचा माणूस धरला," ती म्हणाली. "मला बघायला आलात तेव्हा माझ्या हातच्या कच्च्या पोह्यांना तुम्ही उत्तम म्हणाला होतात."

"उत्तमच होते."

"बघा."

अशी आमची मैत्री सुरू झाली. सानपाडा ते वाशी हे अंतर असं की माणूस बोलत बोलत चालत जातो. आमचं पत्र मात्र कुठल्या कुठे वळसा घालून चार-चार दिवसांनी पोचायचं. त्यांचा एक हमाल आमच्याच बिल्डिंगच्या मागे राहायचा. मी एकदा सुचवलं की त्याच्या हाती पत्र द्या. उत्तर आलं, अर्थात टपालानं: 'हाती दिली ती चिठ्ठी. चिठ्ठी आणणारा दारात उभा राहतो आणि उत्तर मागतो. पत्र कुणाच्या दारात उभं राहत नाही.'

ते वाचायचे खूप. ट्रक पहाटे यायचे, व्यवहार दुपारपर्यंत आटपायचा, मग जेवून गादीवर आडवं होऊन वाचन. हाताला लागेल ते वाचायचे आणि प्रत्येकाचा भाव मला कळवायचे. एका जाडजूड नामवंत कादंबरीबद्दल त्यांनी लिहिलं होतं: 'माल सुका आहे, पण गोणीत खडे आहेत. वजनाला घातले असावेत.' एका कवितासंग्रहाबद्दल: 'लसूण. चांगला आहे. पण पोतं कुणी मागवत नाही.' एका मोठ्या लेखकाच्या उतारवयातल्या पुस्तकाबद्दल: 'शीतगृहातला बटाटा. दिसायला ताजा, भाजी केली की गोड लागते.' मी ही वाक्यं माझी म्हणून चार ठिकाणी वापरली आणि मार्मिक टीकाकार म्हणून बेलापुरात थोडं नाव कमावलं.

माझ्याही कथा ते असेच तोलायचे. तिसरा हिस्सा ओला, निम्मा ओला, यावेळी वर सुका खाली मोड आलेला. एकदा मी चिडून लिहिलं की कुठला भाग ओला ते तरी सांगा. त्यांचं उत्तर: 'निवड मालकानं करायची असते. मी निवडून दिलं तर पुढच्या वेळी आपण पुन्हा तसंच भरून आणाल.' मग मी स्वतः निवडत बसायचो. यात माझ्या कथा लहान होत गेल्या. चित्रकार तर पहिल्याच वर्षी गेला.

सगळ्यात बिकट गोष्ट रविवारची. रविवारी सकाळी निकमशेठ वाशीच्या भाजीबाजारात पिशवी घेऊन फिरायचे. आठवडाभर टनावारी माल विकणारा हा माणूस रविवारी मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करायचा आणि त्यात त्याला विलक्षण आनंद व्हायचा. तिथं आमची हमखास भेट व्हायची.

"काय लेखक, दुधी कसा दिला त्यानं?"

"दहा."

"लुटला तुम्हाला. मूल कसं हाय? अभ्यास करतंय का?"

असं दहा मिनिटं प्रेमानं बोलणं. पाठीवर थाप. उसाचा रस त्यांच्याकडून. मी हवेत तरंगत घरी. आणि सोमवारी पत्र, जे गुरुवारी टाकलेलं: 'नवीन कथा वाचली. गोणी उकिरड्यावर ओतावी.' रस पाजताना या माणसाला ते माहीत होतं. चेहऱ्यावर मेथीपलीकडे काही नव्हतं.

पुढे आमच्याकडे फोन आला. त्यांच्याकडे आधीच होता. मला वाटलं, आता टपालखात्याचे दिवस संपले. पहिल्याच आठवड्यात घंटी वाजली.

"लेखक? निकम बोलतोय. पत्र टाकलंय."

"कशाबद्दल?"

"पत्रात हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

फोनचा खरा उपयोग त्यांच्या पत्नी ताराक्का आणि सुनंदा यांनी केला. त्या दुपारी अर्धा अर्धा तास बोलायच्या. त्यामुळे माझ्या कथेचा निकाल सुनंदाला मंगळवारी कळायचा आणि मला शनिवारी. मधले दिवस ती माझ्याकडे अशा नजरेनं पाहायची, जसे डॉक्टरांशी बाहेर बोलून आलेले नातेवाईक पाहतात.

"काय म्हणाल्या ताराक्का?"

"मी कशाला सांगू? पत्र येईल की."

माझा पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा वाशीच्या एका शाळेच्या सभागृहात प्रकाशन समारंभ झाला. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, त्यामुळे ते सविस्तर बोलले. वक्त्यांच्या यादीत मी निकमशेठचं नाव घातलं होतं. सुनंदानं आधीच बजावलं होतं, "नका घालू. ते बटाट्याचं बोलतील." पण मला वाटलं, एवढी माणसं समोर असताना, माइक समोर असताना, माणूस विरघळतो.

निकमशेठना आधी शाल आणि नारळ दिला. ते माइकपाशी गेले. पुढच्या दोन रांगांत बाजारातली मंडळी बसली होती. निकमशेठनी सभागृहावरून नजर फिरवली, माइकची उंची बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लेखक, हिकडं या."

मी गेलो. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, माझ्या उजव्या हातावर टाकली आणि आपला हात आत घातला. माझी दोन बोटं धरली, सोडली. मग तिसरं. मग अंगठ्यानं तळव्यावर काहीतरी सांगितलं आणि सगळा पंजा एकदा घट्ट दाबला. हे चालू असताना ते माइकमध्ये सभागृहाला सांगत होते, "औंदा पाऊस बरा झाला. आवक चांगली राहील." मग शाल काढली, नीट घडी केली, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसले.

पुढच्या दोन रांगांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगांना वाटलं हे काहीतरी प्रतीकात्मक आहे, म्हणून त्यांनीही वाजवल्या. अध्यक्षांनी समारोपात याला 'स्पर्शाच्या पातळीवरची समीक्षा' म्हटलं आणि त्यावर आणखी वीस मिनिटं बोलले.

चार दिवसांनी पत्र आलं. 'पुस्तकाचा भाव जाहीर सभेत सांगितला. आपण मान हलवली, म्हणून सौदा मान्य धरला.' मान मी घाम टिपायला हलवली होती. मी कळवळून लिहिलं की मला बोटांची भाषा येत नाही, भाव काय होता तेवढं कळवा. उत्तर आलं: 'सौदा झाल्यावर भाव विचारत नाहीत.' तो भाव मला आजतागायत माहीत नाही. गाळ्यावरच्या एका जुन्या माणसाला मी सगळ्या खुणा करून दाखवल्या. तो म्हणाला, "असा भाव नसतोच साहेब. तुम्ही चुकीचं लक्षात ठेवलंय." असेलही. त्या वेळी मी पावसाचं ऐकत होतो.

या सगळ्या वर्षांत निकमशेठ स्वतःच्या लिखाणाची बातमी पत्राच्या शेवटी एका ओळीत द्यायचे. 'हाजीभाई चालू आहेत.' 'हाजीभाई अडले आहेत.' 'या मोसमात हाजीभाईंना हात लावता आला नाही.' हे हाजीभाई म्हणजे बाजार मुंबईत होता तेव्हापासूनचे त्यांचे भागीदार, पुढे वेगळे होऊन त्यांच्याकडूनच माल घेणारे. साताऱ्याहून आलेल्या कोवळ्या जयसिंगला त्यांनी रुमालाखालची बोटं शिकवली. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. निकमशेठ त्यांच्याबद्दल तोंडानं कधीच बोलले नाहीत. बोलले असते तरी पावसाचंच बोलले असते.

आणि एक दिवस ते पूर्ण झालं. पोस्टमन घामाघूम होऊन वर आला. पार्सल बारदानात गुंडाळून, गोणी शिवायच्या दाभणानं आणि सुतळीनं चारी बाजूंनी शिवलेलं होतं. सुनंदानं भाजी चिरायच्या विळीवर ते उसवलं. आत ठसठशीत अक्षरातली पानांची चांगली जाड चवड होती, आणि वर एक ओळ: 'माल पाठवला आहे. बोली लक्षात असावी.'

मी रविवारी सकाळी वाचायला बसलो. पहिल्या पानावर पहाट होती. दुसऱ्या पानावरही पहाटच होती. तिसऱ्यावर सूर्य उगवला, पण 'तांबूस गोळा' म्हणून. हाजीभाई बऱ्याच उशिरा आले आणि आले ते 'धीरगंभीर मुद्रेचा तो कर्मयोगी' म्हणून. त्यानंतर चंद्र आला आणि गेलाच नाही. नियती हसत होती, काळ थबकत होता, सागर आपल्या सहस्र बाहूंनी काहीतरी करत होता. माझा चित्रकार ज्या माणसानं उकिरड्यावर ओतला त्याच माणसानं तो उचलून, अंघोळ घालून, टोपी घालून आपल्या पुस्तकात बसवला होता.

मी चवड खाली ठेवली. सुनंदा समोरच होती.

"ओला?"

"चिंब."

"सगळा?"

सगळा नव्हता. मधोमध, एका चांदण्या रात्रीच्या आणि एका वादळाच्या मध्ये, एक पान होतं. ते असं:

'हाजीभाईचा अंगठा थंड असायचा. त्याला माल हवा असला की तो अंगठा जरा ढिला सोडायचा. मला कळायचं. मला कळलं हे त्यालाही कळायचं. वर आम्ही त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलत असायचो. शेवटच्या वर्षी त्याची बोटं थरथरायला लागली. तीन सांगतो की चार ते कळेना. मी दर खेपेला त्याच्या फायद्याचा आकडा धरायचो. पुष्कळ दिवस असं चाललं. एकदा त्यानं रुमाल काढला, घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, जयसिंग, अब मुँह से बोल.'

पान तिथं संपलं होतं. पुढच्या पानावर वादळ.

पुढचे काही दिवस मी उत्तर लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात 'प्रांजळ', 'वाचनीय' आणि 'एका वेगळ्या विश्वाचं दर्शन' हे शब्द होते. सुनंदानं तो वाचला.

"हे निकमशेठना लिहिलंय की कुणाच्या निरोप समारंभाला?"

"माणूस म्हातारा आहे. इतकी वर्षं खपून लिहिलंय त्यानं."

"म्हणूनच सांगते. त्यांना छान म्हणायला ताराक्का आहेत, दोन मुलगे आहेत, सुना आहेत, सगळा बाजार आहे. त्यांनी तुम्हाला कशाला धरलंय? इतकी वर्षं कांद्याचा वास सहन केला तो काय मी प्रांजळसाठी?"

शेवटी जे लिहिलं ते असं: 'सप्रेम नमस्कार. माल मिळाला. तोंडाला, मध्ये आणि तळाला ओला आहे. चंद्र दुसऱ्याच्या शेतातला आहे. सबंध गोणीत एक पान सुकं आहे. इतकं सुकं की तसं एक पान माझ्या हातून झालं तर मी लिहिणं थांबवायला मोकळा. कोणतं ते सांगत नाही, निवड मालकाची. आपण विचारलं होतं, लिखाण की हौस. त्या पानावर लिखाण. बाकी हौस. कळावे.'

पाकीट चिकटवून मी खाली निघालो तर सुनंदानं ते हातातून घेतलं. "माझ्याकडे द्या. पेटीपाशी तुमचा हात अडकेल." तीच टाकून आली.

मग काही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. रविवारी बाजारात निकमशेठ दिसले. दुधीचं विचारलं, मुलाच्या अभ्यासाचं विचारलं. मग मेथीवाल्यानं जो भाव सांगितला तो देऊन त्यांनी जुडी पिशवीत टाकली. घासाघीस नाही. मेथीवालाच घाबरला. "शेठ, बरं हाय ना?" असं त्यानं विचारलं. निकमशेठ म्हणाले, "ऊन लई हाय." मी तसाच घरी आलो.

सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदा नियम मोडून बोलली. "सांगणार नव्हते. पण तुम्ही जेवत नाही म्हणून सांगते. ताराक्कांचा फोन होता. शेठ रोज दुपारी सगळी पानं पसरून बसतात. एकेक उचलतात, उजेडाला धरतात, खाली ठेवतात. काल ताराक्कांना विचारलं, तारा, तुला ह्यातलं कुठलं बरं वाटतं? त्या म्हणाल्या, मला सगळंच छान वाटतं. तर म्हणाले, तुला काय इचारायचं."

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली. निकमशेठ आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. काखेत चवड, पुन्हा बारदानातच बांधलेली. ते दिवाणावर बसले, पाणी प्यायले, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सुनंदा चहा ठेवायला आत निघाली तेव्हा मी तिला खुणेनं थांबवायला लागलो, कारण मला त्यांच्याबरोबर एकटं राहायचं नव्हतं. पण त्याआधी निकमशेठच बोलले. सुनंदासमोर, खिडकी उघडी असताना, बिल्डिंगला ऐकू जाईल अशा बाजारी आवाजात.

"लेखक, कुठलं पान?"

खरं सांगायचं तर बटाट्याचं काहीतरी बोलावं असं वाटून गेलं.

"धा येळा बघितलं. मला सापडंना. चाळीस वर्सं कांदा निवडला, डोळं झाकून ओला-सुका सांगतो. हे सांगता येईना. कुठलं पान?"

मी चवड सोडली. मधलं पान काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, फसवल्या गेलेल्या माणसानं बघावं तसं.

"हे?"

"हे."

"आवो, पन ह्यात मी काय केलंय? हे नुस्तं झालं तसं लिवलं. एका बैठकीत. ह्याच्यावर मेहनतच घेतली न्हाई. हे काढून टाकनार हुतो." त्यांनी बाकीच्या चवडीवर हात ठेवला. "मेहनत ही हाय. त्या पहाटेला पंधरा दिस लागले मला."

"पहाट दुसऱ्याची आहे, शेठ," सुनंदा दारातून म्हणाली. "हाजीभाई तुमचे आहेत."

चहा आला तो निकमशेठनी बशीत ओतून प्यायला. मग ते एक पान घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं, बाकीची चवड काखेत मारली आणि उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "वहिनी, हे आपलं बोलनं झालं, हे कुटं बोलू नका."

"नाही बोलणार."

"लेखकाला मी पत्रानं कळवतो."

त्यानंतर महिन्याभरातच निकमशेठ गेले. दुपारी, गाळ्यावर, गादीवर आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्या छातीवर अर्धं लिहिलेलं पान होतं असं सांगायला मला फार आवडलं असतं. वर्तमानपत्र होतं. आणि ते गेल्यावर चौथ्या दिवशी टपालानं त्यांचं पत्र आलं, असंही कुठल्याही कथालेखकाला सांगावंसं वाटेल. मी त्या दिवशी रजा काढून गॅलरीत उभा होतो. पोस्टमननं विजेचं बिल दिलं.

त्यांचं शेवटचं पत्र ते आमच्या घरी आले त्या रविवारनंतरच्या गुरुवारी आलेलं आहे. ते इथं जसंच्या तसं उतरवून देतो.

'सप्रेम नमस्कार, वि. वि. आपलं पत्र पोचलं. भाव मान्य. सुकं पान सापडलं. माझं मीच शोधलं, कुणाला विचारावं लागलं नाही. बाकी माल गाळ्यामागं ओतला. गाईनं हुंगला आणि सोडून दिला, म्हणजे आपला तोल बरोबर होता. त्या पानाच्या पुढचं लिहायला घेतलं आहे. आता मेहनत न घेता लिहायचं आहे, त्यामुळे फार जड जातं. पुढचं पान कधी होईल सांगवत नाही. झालं की पाठवीन. थांबायची तयारी असेल तरच कळवावं, नाहीतर सौदा मोकळा समजावा. सुनंदावहिनींना नमस्कार. कळावे.'

मी त्या गुरुवारी संध्याकाळीच उत्तर लिहून पेटीत टाकलं. या वेळी हात अडकला नाही. लिफाफ्यात एवढंच होतं: 'थांबतो.'